ठमाआत्याची कोरी बोटं

एका जंगलात, वैशाखातल्या मंगळवारी, सकाळी सात वाजता, राजवाड्याच्या कोठीत मधाचा बुधला रिकामा सापडला. सिंह मध खात नाही. पण राजाकडे असावा, म्हणून होता.

कोतवाल कोल्हा आला. त्याने ठसेतज्ज्ञ बगळ्याला बोलावलं. बगळ्याने झाकणावर कोळशाची पूड भुरभुरली आणि पिसाने हलकेच झटकली. सुरेख ठसा उमटला. चक्र, आणि त्यावरून आडवा गेलेला जुन्या जखमेचा वण. डिंक लावलेल्या पानावर त्याने तो उचलून घेतला.

मुलांनो, बोटांच्या टोकांवर बारीक रेषा असतात. कुणाला शंख, कुणाला चक्र, कुणाला कमान. दोघांच्या सारख्या नसतात आणि जन्मभर बदलत नाहीत. त्या जंगलात अशी बोटं फक्त माकडांना होती. कोठीत जाणारी माकडं दोनच. प्रधान लालतोंडे आणि ठमाआत्या.

ठमाआत्या बावीस वर्षं राजासाठी बिब्बे फोडून गोडंबी काढत होती. बिब्ब्याच्या तेलाने बोटं भाजून काळी पडली होती, रेषा कधीच गेल्या होत्या. चोर ठरले तर या वयात जंगल सोडावं लागणार, हे तिला ठाऊक होतं. पण ठसा सापडल्याचं ऐकून तिला धीर आला. तिने आपणहून हात पुढे केले.

बगळ्याने ठसे घेतले. दहाही कोरे, रेषा नाही, नुसते काळे डाग. आता प्रधानजींचे घ्यायचे का, असं त्याने चाचरत विचारलं. प्रधानजी कामात आहेत, असं कोल्ह्याने सांगितलं.

"झाकण सोडून बाकी बुधल्यावर काय सापडलं?" कोल्ह्याने विचारलं.

"काहीच नाही."

"आणि हिच्या बोटांवर?"

"काहीच नाही."

"मग जुळलं की."

बगळा खाकरला. झाकणावरच्या ठशाचं काय, असं म्हणाला.

"मध बुधल्यातला गेलाय," कोल्हा म्हणाला. "झाकण आहे जागेवर."

आत्याने काळी बोटं वर केली. "कोतवालसाहेब, माझ्या बोटांना कायम बिब्बा असतो. मी हात लावला असता तर बुधल्यावर काळा डाग पडला असता."

"पुसला असशील, म्हातारे."

"बिब्ब्याचा डाग? तुमच्या अंगरख्यावर एक लावून देते. तुम्ही पुसून दाखवा."

जमलेली मंडळी हसली. कोल्ह्याने अंगरखा सावरून घेतला आणि आरोपात उद्धटपणाही जोडला.

संध्याकाळी ठमाआत्या बिब्बे फोडायचा दगड डोक्यावर घेऊन जंगलाची वेस ओलांडून गेली. तिच्या हद्दपारीच्या हुकमाच्या पानावर प्रधानजींनी अंगठा उठवला. चक्र होतं. त्यावरून आडवा वण.

तात्पर्य : मुलांनो, बोटं झिजेपर्यंत काम करू नका. निर्दोष ठरायला बोटांवर रेषा लागतात. दोषी ठरायला त्या लागत नाहीत. आणि वणाच्या ठशाची ती दोन पानं, झाकणावरचं आणि हुकमाचं? कोतवालीत, एकाच दप्तरात, एकावर एक ठेवलेली आहेत. शेजारी शेजारी अजून कुणी ठेवलेली नाहीत.