दादाचं निम्मं तेल

अडीच लाख किलोमीटरच्या पुढे गेलेल्या ऑटोमॅटिक गाडीत, ती चालवणारा माणूस मेल्यावर गिअरच्या तेलात राहतो, म्हणून असं तेल बदलताना घरच्या माणसांनी हजर राहावं लागतं. हाताने गिअर टाकायच्या गाड्यांत असं होत नाही. तिथे माणूस मेला की मेला.

आमच्या गाडीचं रनिंग तीन लाख बारा हजार होतं. दिगूदादाने ती एका डॉक्टरांकडून जुनी घेतली होती आणि अकरा वर्षं तिच्यातून डायलिसिसचे पेशंट तासगावहून मिरजेला नेले. श्रावणात, दवाखान्याच्या पार्किंगमध्ये पेशंटची वाट बघत बसलेला असताना, त्याचं हृदय बंद पडलं. गाडी चालूच होती. मी पोचलो तेव्हा कोणीतरी किल्ली फिरवून ती बंद केली होती. त्या माणसाला मी मारलं. नंतर कळलं की तो तिथला वॉचमन होता आणि दादाला पाणी पाजायला तोच धावला होता.

मधले दिवस एक बदली ड्रायव्हर होता. ही गाडी माझं ऐकत नाही म्हणाला आणि निघून गेला. दिवाळीनंतर गाडी सटकायला लागली. चढावर नुसता इंजिनचा आवाज वाढायचा, गाडी जागेवर. मुजावर मिस्त्रींनी तेलाची पट्टी काढून वास घेतला.

"जळलंय," ते म्हणाले. "आजून म्हैनाभर असंच ठेवलंस तर गिअरबॉक्स जाईल. मग गाडीबी गेली आन् भाऊबी गेला."

"आणि तेल बदललं तर?"

"गाडी ऱ्हाईल."

मला तेल बदलायचं नव्हतं. मी रोज संध्याकाळी गाडीत जाऊन बसायचो, ती चालू करायचो आणि कुठेही न नेता अर्धा तास ऐकत राहायचो. पण शालनवहिनी म्हणाली, "रंगा, तीन पेशंट घरी बसल्यात. त्यातल्या दोघांचे पाय सुजलेत." मग मी अर्ज दिला.

बुधवारी सकाळी तेल-निरीक्षक पेंढारकर साहेब रजिस्टर घेऊन गॅरेजमध्ये आले. त्यांना खुर्ची आणि चहा दिला. गाडी खड्ड्यावर उभी होती. वहिनी होती, मामा होते, मी होतो.

"मयताशी नातं?" साहेबांनी मला विचारलं.

"धाकटा भाऊ."

"शिक्षण?"

"आठवी."

"पास?"

"बसलो होतो."

त्यांनी 'बसला होता' असं लिहिलं. "मयताने हयातीत हे वाहन आपल्याला चालवायला दिलं होतं?"

"एकदा."

"नंतर?"

"नंतर नाही."

"रसवंतीत घातली होती," वहिनी म्हणाली.

"कोणाला लागलं?"

"रसवंतीला."

साहेबांनी तेही लिहून घेतलं आणि मिस्त्रींना मान हलवून खूण केली. मिस्त्री खड्ड्यात उतरले, त्यांनी खाली डबा ठेवला आणि नट काढला. तेल पडलं नाही. दहाव्याला पिंडाला कावळा पाच मिनिटांत शिवला होता, त्यामुळे तेलही लगेच उतरेल असं आम्ही सगळे धरून होतो. मिस्त्रींनी भोकात बोट घालून बघितलं.

"हाय की आत. काठोकाठ हाय. उतरत न्हाई."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "घरच्यांनी मयताची इच्छा विचारावी. बारा वाजता मी 'उतरले नाही' असा शेरा मारून नट बंद करायला लावणार. पुढची तारीख जूनची मिळेल."

जूनपर्यंत गिअरबॉक्स राहणार नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं.

वहिनी पदर सावरून गाडीपाशी वाकली. "दोन्ही पोरींना शिकवीन. बारावीच्या पुढं," ती म्हणाली. "लग्नाची घाई करणार न्हाई." काही झालं नाही.

मामा पुढे झाले. "दिगू, बांधाचं भांडण मी मिटवतो. दोन फूट सोडतो."

"मनापासून म्हणा, मामा," खड्ड्यातून मिस्त्री म्हणाले.

"मनापासूनच म्हणतोय. पण दोनच. तीन सोडणार न्हाई." मग साहेबांकडे वळून म्हणाले, "दोन लिहा."

साहेबांनी दोन लिहिले. तेल पडलं नाही.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मिस्त्री वर आले आणि मी खड्ड्यात उतरलो. डोक्यावर गाडीचं पोट होतं आणि त्यात ते भोक होतं.

"दादा," मी म्हणालो, "गाडी मी चालवणार नाही."

भोकाच्या तोंडाशी एक काळा थेंब आला, लोंबला आणि परत आत गेला.

"काय झालं?" साहेबांनी वरून विचारलं.

"आला होता. परत गेला."

"खोटं बोलला असंल," वहिनी म्हणाली. "लायसन काढून बसलाय. मला सापडलंय उशीखाली."

मला राग आला. "मग चालवणारच!" मी ओरडलो. "कोण अडवतंय? तू? न सांगता गेलास, आता कशाला अडवतोस?"

"नीट बोल," वहिनी म्हणाली. "थोरला हाय."

मी परत भोकाकडे तोंड केलं. मग म्हणालो, "साठनं चालवतो."

काही नाही.

"उतर आजून खाली," मिस्त्री म्हणाले.

"पन्नास."

थेंब दिसला.

"पंचेचाळीस, दादा. त्याच्या खाली मागनं ट्रकवाले शिव्या देतात."

थेंब बाहेर आला आणि लोंबत राहिला. आत गेला नाही, पण पडलाही नाही. दादाचं हे नेहमीचंच होतं. एकदा सांगायचं आणि मग समोरचा वळणावर येईपर्यंत नुसतं बघत बसायचं. त्याला किती हवे होते ते मला माहीत होतं. मी तेवढं म्हटलं की तो जाणार होता. नाही म्हटलं तर सात मिनिटांनी बारा वाजणार होते, नट बंद होणार होता आणि पुढचा महिनाभर तो सगळाच्या सगळा आत राहणार होता. मी थेंबाखाली हात धरून उभा राहिलो. थेंबही हलला नाही. वर साहेबांनी पेनाचं टोपण लावल्याचा आवाज आला.

वहिनी खड्ड्याच्या काठाशी उकिडवी बसली. "किती ऱ्हायलं?"

"पाच."

"मग म्हण की."

ती माझ्याकडे बघत नव्हती. भोकाकडे बघत होती.

"चाळीस," मी म्हणालो.

तेल पडलं. आधी धार माझ्या मनगटावर आली, मग डब्यात. काळं होतं, गरम होतं, आणि त्याला जळका वास होता. मी हात काढला नाही. मिस्त्रींनी शेवटी खड्ड्यात उतरून तो धरून बाजूला केला.

डबा मोजला तर चारच लिटर भरलं.

"एवढंच?" वहिनीने विचारलं.

"आठातलं चारच नटातनं येतं. बाकीचं कन्व्हर्टरमधी अडकून ऱ्हातंय. नवीन चार घालायचं, हजार किलोमीटर चालवायचं, परत सोडायचं."

"म्हणजे परत निम्मं?" मी विचारलं.

"निम्म्याचं निम्मं."

"मग तो संपतो कधी?"

"संपत नाही," साहेब म्हणाले. "पण एक अष्टमांश राहिला की कार्यालय संपला असं धरतं. आजचं धरून तीनदा यावं लागेल." त्यांनी रजिस्टर पुढे केलं. वहिनीने सही केली, मामांनी सही केली. माझ्या सहीवर तेलाचा डाग पडला. त्यापुढे साहेबांनी 'डाग मयताचा' असं लिहून आपली सही केली. डब्याला सील लावून ते एसटीने सांगलीला गेले.

शुक्रवारी मी पहिल्यांदा पेशंट घेऊन निघालो. तोडकर गुरुजी पुढे बसले होते, मागे दोघी बायका. तासगाव सोडल्यावर उसाचा ट्रॅक्टर लागला. दोन ट्रॉल्या, वेग वीसचा. समोरून कोणी येत नव्हतं. मी पेडल दाबलं. इंजिनचा आवाज वाढला, गाडीने गिअर सोडला नाही.

"काढ की रं पुढं," गुरुजी म्हणाले. "मशीनला नंबर लागलाय माझा."

"सोडत न्हाई."

"कोण?"

"निम्मा हाय आजून."

गुरुजींनी गिअरच्या दांडीकडे बघितलं. मांडीवरची पिशवी जरा बाजूला घेतली, दांडीला लागू नये अशी. "मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बसू मागं."

मागच्या एका बाईने विचारलं, "दिगू हाय व्हय?" दुसरी म्हणाली, "हाय." मग त्या दोघी आपल्या सुनांबद्दल बोलायला लागल्या.

कवलापूरपर्यंत आम्ही ट्रॉलीच्या मागे होतो. रस्त्यावर पडलेली कांडी चाकाखाली फुटत होती. तिथे ट्रॅक्टर डावीकडे वळला, रस्ता मोकळा झाला आणि गाडीने गिअर बदलला. माझा पाय पेडलवर नव्हता.