गोहुंगच्या आजींच्या गच्चीवरचं ऊन

यंदा मिरच्या यंत्रात वाळवायच्या नाहीत, उन्हातच वाळवायच्या, असं मी ठरवलं. एवढंच. (घरात तुम्ही काही ठरवत जाऊ नका, हे बायको पंचवीस वर्षं सांगतेय.)

अडचण जागेची. आमच्या गच्चीवर सोयाबीन मुरत घातलेल्या रांजणांचं राज्य. शेजारच्या आजींची गच्ची मात्र दक्षिणेला मोकळी. (माहेर गोहुंगचं, म्हणून अख्खं गाव त्यांना गोहुंगच्या आजी म्हणतं.) वर या वसंतात बसवलेले सोलर पॅनल: काळे, तिरपे, तव्यासारखे तापलेले. मिरच्यांसाठीच घडवल्यासारखे! आजींचे गुडघे गेलेले, जिना चढवत नाही, म्हणून पॅनल पुसायचं काम माझ्याकडे. मी रोज सकाळी चढायचो, पुसायचो आणि वर जाळी टाकून मिरच्या पसरायचो. मिरचीला लागून उरलेलं ऊन खाली जाणारच की!

आजींचा त्या पॅनलवर फार जीव. जहाजानं येणारं तेल इतकं महाग, की गेल्या हिवाळ्यात त्या घराची फरशी तापवणारा बॉयलर दिवसाला तासभरच लावायच्या. नव्या वर्षाच्या सणाला राजधानी सोलहून लेक म्योंगआ आली, नातू थंडीनं खोकायला लागला आणि दुसऱ्या दिवशी गाडी परत. आता जास्तीची वीज कंपनीकडे हिवाळ्यासाठी जमा होणार, धाकट्या खोलीची फरशी विजेवर तापणार आणि लेक दहा दिवस राहणार. नातवाच्या दुलईला आत्ताच ऊन दाखवून ठेवलेलं. संध्याकाळी आजी मीटरसमोर उभ्या राहायच्या, शेवटच्या बसची वाट बघावी तशा.

"सोक्जूचे बाबा, आजही आकडा हलला नाही हो. जूनमध्ये कसा पळायचा!"

(सोक्जू आमचा मुलगा; आजी मला त्याच्याच नावानं हाक मारतात.) मी पेपर वाचणारा माणूस. "आजी, आपल्याकडे मुळात ऊनच कमी. त्यात पश्चिमेकडून धूळ येते. तुम्ही वाऱ्याची वीज बघायला हवी होती."

"वारा गेल्या वर्षी घरात भरपूर होता," आजी म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी त्यांनी मला उकडलेली रताळी दिली, रोज पॅनल पुसतो म्हणून, आणि हळूच म्हणाल्या, "काढूनच टाकते. म्योंगआला कळवते, येऊ नकोस. पोर उगाच गारठतं."

हातातलं रताळं मी परत ताटलीत ठेवलं. मीच दुसऱ्या दिवशी दुपारी मेकॅनिक बोलावला. (पुढारीपण अंगातच आहे.) तो वर गेला आणि दोन मिनिटांत कठड्यावरून वाकला.

"आजी, पॅनल झकास आहेत! पण या मिरच्या कुणाच्या?"

"कसल्या मिरच्या?"

"अहो, एका कोपऱ्यावर सावली आली तरी अख्खी रांग मंदावते. इथे तर लाल गालिचाच घातलाय!"

कुंपणापलीकडून बायको ओरडली, "अहो! तुम्ही तर म्हणालात, गिरणीच्या अंगणात वाळवतोय!"

मी मान खाली घालून झाडूची वाट बघत होतो. पण आजींचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. "म्हणजे पॅनल चांगले आहेत? नक्की?" असं त्यांनी मेकॅनिकला तीनदा विचारलं. मग ओले डोळे बाहीला पुसत फोन लावला.

"म्योंगआ, या गं! चांगले दहा दिवस या. खोली गरम असेल... नाही गं, ऊन परवडतं आपल्याला."

मग माझ्याकडे एकच नजर टाकली.

"शेजार परवडत नाही."