पाळण्यावरचं पितळी नाव

परतूरच्या भुजंग सुताराने मुलाच्या बारशाआधीच पाळण्यावर पितळी अक्षरांत ‘नरहर’ बसवलं आणि आपल्या कामावर तो स्वतःच बेहद्द खूश झाला. नाव ठेवायचा मान आत्याचा, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? पण त्याची थोरली बहीण गोजरआक्का तीन वर्षं सांगत होती, "तुला पोरगं झालं तर नरहरच ठेवीन." तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, मूलबाळ नव्हतं. स्वतःच्या लेकरासाठी जपलेलं नाव तिने भावाला देऊन टाकलं होतं. पाळणा पाहून आक्का सुखावेल, एवढाच त्याचा बेत होता.

लाकडाचे व्यापारी रामराव यांनी हैदराबादहून त्याला दोन वस्तू आणून दिल्या होत्या. खाचेचा तळ एकसारखा खोल करणारा चिमुकला रंदा, आणि दोन नळ्यांतला नवा सरस. दोन्हींतलं सारखं घ्यायचं, कालवायचं, पितळ बसवायचं आणि दिवसभर हात लावायचा नाही. "लाखेसारखं न्हाई हे," रामराव म्हणाले होते. "लाकूड फुटंल, पण पितळ सुटणार न्हाई." हे भुजंगाला फारच आवडलं होतं.

बारशाच्या आदल्या दिवशी आक्का आली. टेंभुर्णीहून जालन्यापर्यंत बैलगाडीत दोन गाद्या टाकून आणि पुढे रेल्वेने. पाय धुता धुताच म्हणाली, "भुजंगा, नाव ठरलं. धर्मराज."

"आन् नरहर?"

"नरहर न्हाई ठेवायचं."

"का गं?"

"आत्या कोण? तू का मी?"

भुजंगाला घाम फुटला. त्याच्या लग्नात हळद लावायला आधी बोलावलं नाही म्हणून आक्का दोन वर्षं परतूरला फिरकली नव्हती. आईबापांच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं होतं. ती रुसली की त्याला घर खायला उठायचं.

तो पाळणा घेऊन घरामागे गेला. लाख असती तर निखारा जवळ धरताच अक्षरं अलगद हातात आली असती. त्याने निखारा धरला. लाकूड काळं पडलं आणि नरहर जास्तच उठून दिसायला लागला. पटाशी घातली, तिचं टोक तुटलं. पक्कड लावून ओढलं, तर अख्खा पाळणाच त्याच्यामागे चालत आला.

बाळाला घेऊन दारात आलेल्या सगुणाने, त्याच्या बायकोने, हळूच विचारलं, "आवो, काय करून राह्यले?"

"नाव काढून राह्यलो."

"ठेवायच्या आधीच?"

शेवटी त्याने अक्षरांवर झेंडूची जाडजूड माळ बांधली आणि देवावर भार टाकला.

दुसऱ्या दिवशी बायका जमल्या. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तेव्हा तिच्या पाठीत धपाटे घालायचा रिवाज, म्हणून सगळ्या हात सरसावून उभ्या होत्या. आक्काने आधीच दटावलं, "माझ्या पाठीला कुणी हात लावायचा न्हाई." सगुणाने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. आक्काने ‘धर्मराज’ म्हटलं, पाळण्याची दोरी ओढली, आणि पहिल्याच झोक्याला माळ सुटून तिच्या पायाशी पडली.

बायकांचं गाणं मधेच थांबलं. भुजंग चाचरत म्हणाला, "आक्का, तूच म्हणाल्ती म्हणून बसवलं. आता काढाया गेलो तर निघंना."

आक्काने अक्षरांवरून बोट फिरवलं, नख लावून पाहिलं. "बिलकुल निघत न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

"मंग मला आत्याच्या मानाची साडी नको. हा पाळणा दे. धर्मराजला दुसरा कर, सुतार हायेस ना?"

"तुला पाळणा कशाला—" भुजंग बोलायला गेला, तोच सगुणाने त्याच्या पायावर पाय दिला. दोन गाद्या, पाठीवरचे धपाटे. सगळं त्याच्या डोक्यात एकदम शिरलं. आक्का पदर पुढे ओढून हसत होती. तिला असं हसताना त्याने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि डोळे भरून आले ते त्याचेच.

"पाचवा लागलाय," ती पुटपुटली. "दिलेलं नाव परत कसं मागू रे? म्हणून आत्याचा धाक दाखवला."

भुजंगाने डोळे पुसले आणि मग त्याच्या ध्यानात आलं. "आक्का, पण तुझ्या लेकराचं नाव ठेवायचा मान तुझ्या नणंदेचा. प्रेमलाबाई काय म्हणतील?"

आक्का ताठ झाली. डोक्यावरचा पदर तिने नीट केला.

"म्हणू दे की. तिला सांगंन, बाई, मान तुझाच हाय. निघत असंल तर काढ."