मागे जायचं बटण

"बल्ब बदलायला बंपर कशाला काढलास?" बायको दारातूनच कडाडली.

"ॲप सांगतंय म्हणून! आणि ॲप मीच केलंय, तेव्हा मला शिकवू नकोस."

खरंच होतं ते. घरच्या घरी गाडी दुरुस्त करायचं टॅबलेटवरचं ॲप त्यानेच डिझाइन केलं होतं. चित्रं अशी देखणी की बघत राहावं. स्वतःच्या गाडीचं बॉनेट मात्र या गृहस्थाने आज पहिल्यांदा उघडलं होतं! आणि मुहूर्त कोणता, तर बायकोच्या ड्रायव्हिंग टेस्टचा. टेस्ट अकराला, तीही तिसरी. आधी दोनदा गाडी मागे घेताना खांबाला टेकून ती नापास झाली होती, आणि त्यावर याचे विनोद अजून संपले नव्हते. या वेळी नापास झाली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. हात बसलेली ही गाडीच ती नेणार होती, पण सकाळी डावा हेडलाइट लागेना. मेकॅनिक चौकातच होता. पण त्याच्याकडे गेलं तर साहेबांचं नाक कापलं जाणार ना!

सव्वादहापर्यंत बॅटरी निघाली, बंपर निघाला, अख्खा दिवा निघाला. गाडी पार बोळकी दिसायला लागली. शेवटी नवा बल्ब बसला, आणि त्याने ऐटीत पुढची पायरी उघडली.

'शाब्बास! आता वरील सर्व पायऱ्या उलट क्रमाने करा.'

"कर मग," बायको म्हणाली.

तो काळ्या बोटांनी स्क्रीन चाचपू लागला. वर, खाली, कोपऱ्यात. मागे जायचं बटणच नव्हतं. ॲप बंद करून उघडलं, तर 'तुम्ही जिथे थांबलात तिथूनच सुरू करू या', आणि पुन्हा शाब्बास. तेच काम नव्याने निवडलं, तर 'हे काम तुम्ही पूर्ण केलं आहे.'

"कुठल्या गाढवाने केलंय हे!" तो ओरडला.

बायकोने त्याच्याकडे बोट दाखवलं.

त्याने ऑफिसातल्या टेस्टरबाईंना फोन लावला. "मागे जायचं बटण कुठेय?"

"नाहीये, सर. मी तीनदा तक्रार टाकली होती. तुमचं उत्तर पाठ आहे मला. 'स्क्रीनवर गर्दी होते. ग्राहकाची नजर कायम पुढे हवी.'"

"उत्तर राहू दे! मला पायऱ्या सांगा!"

"कशा सांगू? माझ्या टॅबलेटवरही ते पुढेच जातं."

फोन ठेवतो न ठेवतो तोच स्क्रीनवर हसरे चेहरे उगवले. 'अनुभव कसा वाटला?' बायकोने टॅबलेट हिसकावून घेतला.

"रागाचा चेहरा कुठेय?"

"तो काढला. दिसायला वाईट होता."

"वाईट होता? मग माझा बघ! दोन महिने आल्यागेल्याला सांगतोयस, हिला गाडी मागे घेता येत नाही. आणि तू? एक पायरी मागे जाता येईना तुला! वर माझी टेस्टही बुडवतोयस!"

संतापाने तिचा आवाज चिरकला. तिने टॅबलेट त्याच्या मांडीवर आदळला, ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांना फोन केला आणि तरातरा निघून गेली. मास्तरांच्या गाडीचा क्लच दगडासारखा होता. त्या गाडीचा तिने धसकाच घेतला होता.

एक वाजला तरी तो अंगणातच बसला होता. बंपर एकदा उलटा लावून झाला होता. दुसऱ्यांदा लावला तर सात बोल्ट उरले, म्हणून परत काढला होता. तेवढ्यात फाटकाबाहेर हॉर्न वाजला. मास्तरांची गाडी, चालवायला बायको. शेजारी मास्तर निवांत पेपर वाचत होते.

"काय झालं?" त्याने घाबरत विचारलं.

"पास. आता तो बंपर उचल आणि बाजूला हो. मला गाडी वळवून मास्तरांना सोडायचंय."

त्याने बंपर छातीशी धरला आणि भिंतीला चिकटून उभा राहिला. तिने गाडी फाटकातून मागे घेतली, एका दमात, त्याच्यापासून वीतभर अंतर ठेवून. मग काच खाली केली.

"मेकॅनिकला बोलावू?"

त्याने बंपर हळूच खाली ठेवला. "बोलाव," शेवटी तो पुटपुटला.

"शाब्बास!" बायको म्हणाली.