तापीला समज

“वाळाना एक ठोंब काढशी ते दोन लाव, पोरी. तापी मायले त्यानीच धरी ठेयेल शे.”

धनुबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, डोळे मिटता मिटता एवढंच वदवून घेतलं होतं. वत्सलाबाई हो म्हणाल्या. एकदा हो म्हटलं की पाळायचं; नेमधर्माच्या बाईला दुसरी सोय नसते.

परंतु राज्यकारभार गार डोक्यावर उभा असतो, काठावरल्या गवतावर नव्हे. प्रकाशा गावाच्या खालच्या अंगाला तापीचा काठ ढासळतो, असा अर्ज वस्तीने केला आणि अवघ्या नऊ वर्षांत (वेग वाखाणण्याजोगा) सन सत्तावीसच्या वैशाखात पाहणीला साहेब आले. तंबूला गारव्यासाठी वाळ्याच्या ताट्या हव्या होत्या. साहेबांना आठ, कारकुनाला दोन, कुत्र्याला एक (कुत्रं विलायती होतं). वाळा शोधत हिंडावं लागलं नाही. पुरुषभर खोल मुळ्या सोडून तो काठावरच उभा होता, वर्षानुवर्षं, बिनपगारी.

खणणारे वत्सलाबाईंच्या वांग्याच्या वाफ्यांपाशी आले, तेव्हा त्या पदर सावरून हळूच म्हणाल्या, “भाऊसाहेब, काठ याच मुळ्यासवर उभा शे.”

कारकून सुशिक्षित होता. रागावला नाही. “बाई, साहेबांना उकडलं तर ते काठ कसा बघणार?”

कुदळी पडू लागल्या. खणणाऱ्यांतला वाहरू तेवढा म्हणाला, “काकू, वांगासनी काळजी नका करू. त्या आते तापीमा न्हातीन.”

पाहणी उत्तम झाली. साहेबांनी तीन दिवस ओल्या ताटीआडून नदीकडे पाहिलं, सुगंधाची तारीफ केली आणि अहवाल लिहिला: काठ ढासळण्यास नदी जबाबदार आहे, सबब तिला समज द्यावी. समजपत्र घाटाच्या खालच्या पायरीवर चिकटवलं. श्रावणात तापी ते वाचायला वर आली आणि जाताना वत्सलाबाईंच्या अकरा वाफ्यांपैकी सात घेऊन गेली.

कचेरीने तातडीने कळवलं की प्रकरण गंभीर आहे. पुढच्या वैशाखात याहून मोठे साहेब येतील. ताट्या चोवीस.

मुळ्या छाटून फेकलेले ठोंब वत्सलाबाईंनी वैशाखातच वेचून मोरीच्या ओलीत जगवले होते. भाद्रपदापर्यंत फुटून ते दुपटीच्या वर गेले. सासूबाईंनी ‘काढशी’, म्हणजे तू काढशील, असं म्हटलं होतं खरं. पण नेम पाळायचा तर काढणाऱ्याचं नाव कशाला विचारायचं?

सोमवारी तुळशीला पाणी घालून त्यांनी उपाशीपोटीच ठोंबांची पाटी भरली. मोजून झाल्यावर वर आणखी दोन ठेवले. ते, वाचकहो, तुमच्या माठात सोडलेल्या वाळ्याच्या जुडीबद्दल. पाणी छान गार लागतं ना? प्या सावकाश.

वत्सलाबाईंनी पाटी डोक्यावर घेतली आणि पाऊल न वाजवता त्या काठाकडे निघाल्या.