चेहरा आपला, बाकी हिरोचं

शेजारच्या दगडूकाकांची म्हैस व्याली, तेव्हा तिचा फ्लेक्स वडीगोद्रीच्या फाट्यावर लागला होता. म्हशीला काळा गॉगल, मागे सिनेमातला हिरो हात जोडून उभा आणि खाली ‘मातोश्री झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’

गावात कुणाचं काही चांगलं झालं, की काका फ्लेक्सच्या दुकानात जाऊन बसतात. धड हिरोचं, वर मुंडकं आपल्या माणसाचं. “चेहरा आपला पाह्यजे, बाकी उसनं चालतं,” हे त्यांचं ब्रीद.

मी घरातला पहिला पदवीधर. बी.ए.चा निकाल लागला तसा मीही फाट्यावर चढलो. पासपोर्ट फोटोतलं माझं घाबरलेलं तोंड, त्याखाली उघडी पिळदार छाती आणि पाठीमागे उडणाऱ्या जीपगाड्या.

याच मी कॉलेजात पॉप आर्टवर निबंध लिहिला होता. नट्यांचे चेहरे, सूपचे डबे उचलून चित्रात मांडणारे परदेशी कलाकार मला फार थोर वाटले होते. ‘हा सामान्य माणसाच्या नजरेचा सन्मान आहे,’ असं मी लिहिलं आणि सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. पण लग्नासाठी मुलीकडची माणसं घर बघायला येणार म्हटल्यावर तोच सन्मान खाली उतरवायला मी काकांकडे शिडी मागायला गेलो.

“कशाला पाह्यजे?”

“फ्लेक्स काढायचाय, काका. उद्या पाव्हणे येऊन राह्यले. उघडी छाती बघून काय म्हणतील?”

“म्हन्तील, नवरदेव दणकट हाय! खरी छाती दाखवली तर सोयरीक मोडंल, येड्या.”

मी शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं. दाखवण्याजोगी छाती नव्हतीच.

“जाय, आतल्या खोलीत हाय शिडी.”

शिडीमागे भिंतभर एक फ्लेक्स होता. हिरोइनची भरजरी साडी, हातभर बांगड्या, मागे बर्फाचे डोंगर. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा गोल.

“तुही काकी,” काका दारातून म्हणाले. काकी जाऊन बरीच वर्षं झाली. “तिचा एक बी फोटो न्हाई. काढू काढू म्हन्लं अन् राहून गेलं. दुकानवाला म्हन्ला, हिरोइनचंच तोंड राहू द्या, झ्याक दिसतंय. मी म्हन्लं, बिलकुल न्हाई.”

मी शिडी होती तशी भिंतीला टेकवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे फाट्यावर उतरले. मुलीच्या वडिलांनी मान वर करून बराच वेळ फ्लेक्स पाहिला, मग मला पाहिलं.

“हे तुम्हीच का?”

“चेहरा माझाच आहे,” मी म्हणालो.