पेटी उघडण्यापूर्वी टकटक करण्याबाबत

माणूस हा सर्वांत बुद्धिमान प्राणी आहे, हा शोध माणसानेच लावला आणि त्यावर आजतागायत एकाही प्राण्याने लेखी हरकत घेतलेली नाही. तरीही शास्त्र म्हटलं की पुरावा लागतो. तो गोळा करण्याचं काम बारा वर्षं तुलनाबाईंकडे होतं.

तुलनाबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. एका संशोधन संस्थेत त्या निरनिराळ्या प्राण्यांची अक्कल एकमेकांशी ताडून बघत आणि ती कोणाला कधी आणि कशी फुटली असावी, याचा माग काढत. ही सवय इतकी अंगात भिनली होती, की घरी नवरा डब्याचं झाकण शोधत असला की, "कावळ्याला हे दुसऱ्या खेपेला जमतं," असं त्या सहज बोलून जात. (नवऱ्याने कावळ्यांबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही, हा त्याचा मोठेपणा.)

बाईंचं मुख्य साधन म्हणजे एक पेटी. बुटांच्या खोक्याएवढी, आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकची. समोर दार, दाराआड खाऊ. आधी बाई स्वतः करून दाखवत: काठीने झाकणावर तीनदा टकटक, मग झाकणावरची लाल खुंटी डावीकडून उजवीकडे, मग दार उघडून खाऊ बाहेर. टकटक आणि खुंटी यांचा दाराशी काडीचाही संबंध नव्हता. पेटी आरपार असल्यामुळे तो नाही हे दिसतही होतं. कोणाला दिसतं, एवढाच प्रश्न होता.

माकडाने टकटक गाळली, खुंटी गाळली, दार उघडलं आणि शेंगदाणा खाल्ला. वेळ, चार सेकंद. कावळ्याने तेच केलं आणि जाताना काठी नेली. कुत्रा बाईंच्या तोंडाकडे इतक्या आर्जवाने बघत बसला, की शेवटी बाईंनीच दार उघडून दिलं (ही हुशारी नेमकी कोणाच्या खात्यात धरायची, यावर दोन बैठका झाल्या). ऑक्टोपस पेटीत शिरला आणि त्याने दार आतून ओढून घेतलं. शेळीने शिंगाने दार उचकटून आतला पाला फस्त केला आणि मग नवी काठीही खाल्ली. कासव पेटीच्या दिशेने निघालेलं आहे. त्याची आकडेवारी यायची आहे.

उरला माणूस. संस्थेतली चाळीस धडधाकट, पदवीधर, चष्म्यासह नीट दिसणारी माणसं निवडण्यात आली. चाळीसपैकी चाळीस जणांनी तीनदा टकटक केली. सदतीस जणांनी खुंटी सरकवली. उरलेल्या तिघांनी ती सरकवली, परत जागेवर आणली आणि पुन्हा सरकवली, कारण पहिल्यांदा "नीट झाल्यासारखं वाटलं नाही". ग्रंथालयातल्या बाईंनी तर टकटक करून क्षणभर वाट पाहिली आणि "येऊ का?" असंही विचारलं.

तुलनाबाईंना आपला नमुनाच चुकला असं वाटलं. कचेरीतली माणसं, दारावर वाजवायची सवयच असणार. म्हणून रविवारी त्या पेटी घेऊन आईकडे गेल्या. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, पण गिऱ्हाइकाने सांगितलेल्या मापावर एकदाही विश्वास ठेवला नाही, स्वतः फीत लावूनच घेतली. या बाईवर मानवजातीची अब्रू सोपवायला हरकत नव्हती.

आईने चष्मा चढवला. पेटी गोल फिरवून पाहिली. दारावरून बोट फिरवलं. आणि काठी उचलून तीनदा टकटक केली.

"आई, दार दिसतंय ना तुला?"

"दिसतंय की. आंधळी आहे का मी?"

"मग वाजवलंस कशाला?"

"तू वाजवलंस म्हणून," आई पेटीतून काढलेल्या गोळीचं वेष्टन सोडवत म्हणाली. "एवढी शिकलीस तू. उगाच वाजवशील होय?"

बारा वर्षांत एकाही प्राण्याने तुलनाबाईंविषयी असं मत दिलं नव्हतं. शेळी टकटकीतून सुटली ती अकलेने सुटली की बाईंवर तिचा भरवसाच नव्हता म्हणून, हे इतके दिवस कोणी विचारलंच नव्हतं. त्याच दुपारी आईच्या शिवणयंत्रावर वही ठेवून त्यांनी अहवालातलं शेवटचं वाक्य लिहिलं: 'माणूस न कळलेलंही उचलतो, कारण शिकवणाऱ्यावर त्याचा विश्वास असतो; म्हणूनच काजं करण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळं पिढ्यान्‌पिढ्या टिकलं, आणि म्हणूनच त्याला कोणीही काहीही वाजवायला लावू शकतं.' एवढं एकच वाक्य त्यांना मनापासून आवडलं.

संचालकांनाही ते आवडलं. अर्धविरामापर्यंत. पुढचा भाग त्यांनी 'नकारात्मक' म्हणून काढला आणि त्या जागी आपला निष्कर्ष घातला: माणूस टकटक करतो, प्राणी करत नाहीत; माणूस श्रेष्ठ आहे हे तर ठरलेलंच आहे; सबब टकटक हेच श्रेष्ठत्वाचं लक्षण होय. हा तर्क इतका भक्कम होता, की शेळीलाही शिंग घालायला फट सापडली नसती. बाईंनी तोंड उघडलं, तेव्हा संचालकांनी अत्यंत हळुवारपणे सांगितलं, की मतभेद असल्यास प्राणी विभाग बंद करून तिथे एक छानसं सभागृह बांधण्याचा विचार आहे.

बाईंच्या डोळ्यांपुढे कासव आलं. बिचारं अर्ध्या वाटेवर होतं. त्यांनी सही केली.

पण राग आत धुमसतच राहिला. अहवाल छापायला जाण्यापूर्वी त्यांनी मुखपृष्ठाच्या तळाशी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: 'अहवाल उघडण्यापूर्वी मुखपृष्ठावर तीनदा टकटक करावी.' पहिल्याच टेबलावरून कोणीतरी हाक मारील, "बाई, हा काय आचरटपणा?" म्हणून विचारील आणि मग एकदाचं सगळं बोलून टाकता येईल, असा त्यांचा बेत होता. तीन दिवस त्या टेलिफोनजवळ बसून होत्या.

अहवाल सात टेबलांवरून गेला. सातही ठिकाणी सह्या झाल्या. पाचव्या टेबलावर 'टकटक'च्या आधी 'हलकेच' हा शब्द वाढवण्यात आला. सातवं टेबल संचालकांचं. त्यांनी फोन केला. बाईंनी तो पहिल्याच घंटेला उचलला.

"प्रत्येक प्रतीसोबत काठी जोडायची," संचालकांनी विचारलं, "की ज्याची त्याने आणायची?"

ज्याची त्याने, असं बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून इतक्या हसल्या, की माकड पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसलं.

दोन हजार प्रती वाचकांकडे गेल्या. पंधरवड्यात तीनशे सोळा जणांची पत्रं आली. बाईंनी ती स्वतः उघडली आणि सवयीने त्यांचे गट पाडले. चौघांनी 'का?' असं विचारलं होतं. पैकी दोघांनी दुसऱ्या दिवशी वेगळं पत्र पाठवून पहिल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. एकशे नव्वद जणांनी टकटक कोणत्या हाताने करावी, अशी विचारणा केली. एकवीस जणांनी आपल्याकडे पूर्वापार चारदाच करतात आणि तीनदा करणाऱ्यांकडे आम्ही पाणीही पीत नाही, असं बजावलं. (अहवाल प्रसिद्ध होऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते.)

उरले एकशे एक. त्यांचा मजकूर थोड्याफार फरकाने एकच होता: 'मी सुशिक्षित असून असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी टकटक केली नाही. उलट वाचून खूप हसलो. मात्र, न केल्याने काही होत तर नाही ना, हे उलट टपाली कळवावे.'

बाईंनी सर्वांना उत्तरं पाठवली. हात कोणताही चालतो. आणि ज्यांनी मजकूर तसाच वाचायला घेतला, हसत हसत इथवर येऊन पोचले, त्यांनीही मुळीच घाबरू नये. वाचून झाल्यावर केलेली टकटकही ग्राह्य धरली जाते. आसपास कोणी बघत नाही, एवढं फक्त आधी पाहून घ्यावं.